हजेरीचा कागद

"आधी सांग, हा कागद कशाचा?" आत्याने विचारलं. पेन तिने असं चिमटीत धरलं होतं, जणू मेलेल्या झुरळाची मिशी!

"हजेरीचा," शिपाईबाई म्हणाली.

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस, पोरी."

शिपाईबाईचे कान तापले, कारण आत्याचं खरं होतं. शंभर टक्के खरं!

मागच्या वर्षी ऑफिसच्या याच हॉलमध्ये साहेबांनी वस्तीतल्या सगळ्यांना बोलावलं होतं. डोंगरात खाण निघणार, त्याची माहिती द्यायला. ऑफिसात नोकरी करणारी त्या वस्तीतली ती एकटीच, त्यामुळे कागद फिरवायचं कामही तिचंच. एकाहत्तर जणांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, ते काही साहेबांकडे बघून नव्हे. आपली पोर आहे, ती थोडीच फसवेल? चहा-बिस्किटं झाली, मंडळी घरी गेली. आठ महिन्यांनी यंत्रं आली आणि झऱ्याकडची वाटच खणली गेली, तेव्हा कुठे कळलं. हजेरीचं नुसता मथळा असलेलं पहिलं पान काढून तिथे नवं पान लावलं होतं. त्यावर छापलं होतं, 'ग्रामस्थांची संमती'. खाली तेच एकाहत्तर.

तेव्हापासून वस्तीत तिला कुणी वाईट बोललं नव्हतं. तोच तर त्रास होता! दोन शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

वस्तीने तक्रार केली. ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत थेट परदेशात पोहोचली. बऱ्याच देशांनी मिळून एक करार केला होता. आदिवासींच्या जमिनीत काही करायचं तर आधी त्यांना विचारायचं, आणि ते नाही म्हणाले तर ते ऐकायचं. करारातलं दुसरं वाक्य साहेबांना फारसं आवडायचं नाही. आज त्याच देशांनी पाठवलेले दोन पाहुणे समोर बसले होते, एक चष्मेवाला उंच माणूस आणि एक ठेंगणी, लाल गालांची बाई. शेजारी दुभाषी. लोकांनी खरंच हो म्हटलं होतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हो निघालं तर प्रकरण आजच बंद.

साहेब शिपाईबाईच्या कानाशी वाकले. "मावशी, उरका पटापट. तुमची कायम करण्याची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, सहीच राहिलीय फक्त. माहितेय ना?"

माहीत नसायला काय झालं! चौदा वर्षं ती त्या सहीची वाट बघत होती. तिने आत्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग आत्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, टेबलापाशी खुर्ची ओढली आणि बसली. साहेबांच्या देखत!

पानाच्या वरती लिहून भागणार नव्हतं. वरचा भाग कापता येतो. कागद कापायचं यंत्र तर रोज तीच पुसायची. म्हणून पट्टी घेऊन तिने प्रत्येक ओळीत, नाव आणि सही यांच्या बरोबर मधे जागा आखली आणि तिथे लिहिलं, 'आलो आहे, खाणीला हो म्हटलेलं नाही.' एक ओळ. दुसरी. तिसरी. अक्षर गोल, ठसठशीत. आजवर ते फक्त 'पाणी जपून वापरा' लिहायला कामी आलं होतं.

"अहो मावशी! ऑफिसचे कागद आहेत ते, खराब करू नका!"

"खराब मागच्या वर्षी झाले, साहेब. मी दुरुस्त करतेय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. दादा, तिचा थोरला भाऊ, अर्धवट उठला. "अगं, राहू दे. नोकरी जाईल तुझी."

"तू खाली बस रे," आत्या कडाडली. "चौदा वर्षांत पहिल्यांदा बसलीय ती इथे. लिहू दे!"

लाल गालांची बाई उठून टेबलाशी आली. दुभाषीने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. बाईने वाकून ते अक्षर बघितलं आणि काहीतरी म्हणाली.

"त्या बर्फाच्या मुलखातल्या आहेत," दुभाषी मोठ्याने सांगू लागली. "त्यांचे लोक जनावरं राखतात. तिकडेही अशाच सह्या घेतल्या होत्या. फक्त चहाच्या जागी सूप होतं, म्हणतायत."

अख्खा हॉल हसला. आत्या तर इतकी हसली की तिला ठसका लागला. "विचार तिला, सूप तरी चांगलं होतं का?"

दुभाषीने विचारलं. "पाणचट होतं, म्हणतायत."

मग बाईचा चेहरा गंभीर झाला. मागच्या वर्षीचा कागद कुणी फिरवला, असं तिने विचारलं.

साहेब खाकरले. "ते, म्हणजे, आमची एक पद्धत असते—"

"मी फिरवला," शिपाईबाई उभी राहिली. "हजेरीचा म्हणून फिरवला. संमती कुणी विचारली नाही, कुणी दिली नाही. लिहून घ्या. माझं नाव घालून लिहा."

चष्मेवाल्याने लिहून घेतलं. साहेबांनी समोरची फाइल मिटली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून यायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली.

मग कागद फिरला. अर्धा तास लागला, कारण या वेळी जो तो आपली ओळ वाचून घेत होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारचे वाचून दाखवत होते, आणि आत्याने तर तीनदा वाचून घेतली. अंगठा तिने असा दाबला की शाई पार मागच्या पानावर उमटली.

शेवटी कागद शिपाईबाईकडे परत आला. खाली एक ओळ मोकळी होती. मागच्या वर्षी तिची सही नव्हती, ती ड्युटीवर होती ना. आज तिने आपलं नाव लिहिलं. पुढे 'पद' असा रकाना होता. तिथे पेन क्षणभर थांबलं. मग तिने एक छोटीशी आडवी रेघ ओढली आणि पुढे सही केली.