लाल दोऱ्याच्या कुंड्या

झुंबरतात्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढली, दर तासाला वहीत आकडा मांडला, पण एकदा म्हणून चुकले नाहीत. आणि चुकले कुठे, तर पोटच्या पोरीच्या कुंड्यांपाशी!

पोरगी म्हणजे स्नेहा. कडू किराइतावर पीएचडी करते. तेच ते, तापात ज्याचा काढा पाजतात आणि माणूस तापापेक्षा काढ्यालाच जास्त भितो. कॉलेजची शेडनेट वाऱ्याने फाटली, म्हणून तिने चोवीस कुंड्या घरच्या गच्चीवर आणून मांडल्या. त्यातल्या बारांना लाल दोरा बांधला.

"पप्पा, नीट ऐका," ती म्हणाली. "पानात औषध बनवायचं काम जनुकं करतात. तुमच्या कंट्रोल रूममधली बटणंच समजा. झाडाला तहान लागली की त्यातली काही बटणं चालू होत असावीत. ती कुठली, तेच मला शोधायचंय. म्हणून बाकीच्यांना रोज पाणी, पण लाल दोऱ्याला दहा दिवस पाणी नाही. थेंबसुद्धा नाही."

"अगं, मला काय शिकवतेस? नियम म्हणजे नियम!" तात्या म्हणाले. ती निर्धास्त होऊन नऊ दिवस पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली.

पाच दिवस निभावले. सहाव्या दिवशी पानांनी माना टाकल्या आणि तात्यांना त्यांची गेलेली बायको, लताबाई दिसू लागल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. "अहो, एक घोट द्या ना. कुणाला सांगणार नाही मी," असं बिचारी म्हणायची. तात्या नियमाचे पक्के. ओलं फडकं ओठांवरून फिरवायचे, पण घोट काही दिला नाही. त्यातच ती गेली.

सातव्या दिवशी भर दुपारी तात्यांनी बाराही कुंड्यांना एकेक तांब्या पाणी घातलं. संध्याकाळी पानं टवटवीत झाली. तात्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग पोरीला दिलेला शब्द आठवला. तरी हाताची सवय जाते कुठे? वहीत लिहिलं: लाल दोरा, बारा कुंड्या, प्रत्येकी एक तांब्या, दुपारी सव्वा वाजता.

दहाव्या दिवशी स्नेहा बर्फाचा डबा घेऊन पानं तोडायला आली, तोवर माती पुन्हा सुकली होती. वहीचं पान फाडलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, तात्या तीनदा जिना उतरले नि चढले. पण औषध उद्या कुणाच्या तरी पोटात जायचं, त्याच्या मुळाशी खोटा आकडा? त्यांनी वही पुढे केली.

"पप्पा! तीन महिने लागले होते मला ही वाढवायला!" स्नेहा ओरडली आणि तरातरा खाली गेली. जेवली नाही. संध्याकाळी आपणच वर आली. "का दिलंत?"

"तुझ्या आईला... कधी दिलं नाही गं मी."

स्नेहा त्यांना चिकटून बसली. बापलेक दोघंही पोटभर रडले. शेवटी नाक पुसत ती म्हणाली, "परत लावू आपण."

तीन महिन्यांनी नवी रोपं तयार झाली. "या वेळी दहा दिवस तुम्ही देवळालीला आत्याकडे जा," ती म्हणाली. "हट्! मीच राखणार," तात्या म्हणाले. त्यांनी राखलीसुद्धा. वहीत एवढंच लिहिलं: दिवस सातवा. पाणी दिलं नाही. पानं लय मलूल. शेजारी बसून होतो.

दहाव्या दिवशी सकाळी स्नेहाने पानं तोडली, बर्फात ठेवली, डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. "झालं, पप्पा. आता द्या. हवं तेवढं द्या."

तात्या वाकले. पहिल्याच कुंडीत धार सोडत हळूच म्हणाले, "घे, लता."

स्नेहाने ऐकलं. तिने दुसरा तांब्या भरून आणला.