पाठ नसलेली खुर्ची

मित्रांनो, मला पाठ नाही. त्यामुळे नवीन माणसं मला स्टूल म्हणतात आणि आता मीही ते मनावर घेत नाही. पण जन्माने मी खुर्ची आहे, चांगल्या लाकडाची.

ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहासाठी एका सुताराने आम्हा बहिणींना एकत्रच घडवलं. मी खिडकीशी असायचे. लग्नं पाहिली, भाषणं ऐकली, लहान मुलांच्या बुटांचे फटके खाल्ले. मग एका मेजवानीत ऑर्गन वाजवणारे काका कुणाच्या तरी विनोदावर खदखदून हसत मागे रेलले आणि माझी पाठ काडकन मोडली. काका जमिनीवर, हसणं तसंच चालू. माझं काम मात्र संपलं. राखणदाराने मला मागच्या अंगाला सरपणाशेजारी नेऊन टाकलं.

तिथे बाईंनी मला पाहिलं.

"ही जाळू नका हो," त्या राखणदाराला म्हणाल्या. "मला अशीच हवी होती."

"मोडकी?"

"मोडकीच. पाठवाल्या ढिगाने आहेत."

बाई दिवसा दवाखान्यात परिचारिका होत्या. संध्याकाळी सभागृहाच्या बाजूच्या खोलीत त्या बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्या मोठ्या माणसांची तयारी करून घेत. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे कपाळावरचे चार थेंब नव्हेत. व्यासपीठाखाली एक कुंड आहे. त्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, पाठीला हात देतात, माणूस मागे झुकत पूर्ण पाण्याखाली जातो आणि वर येतो. जुनं आयुष्य खाली राहतं, नवं घेऊन वर यायचं. सांगायला सोपं आहे. पण मोठं झालेलं माणूस सहजासहजी मागे झुकत नाही. वर्षानुवर्षं ते स्वतःच स्वतःला सावरत आलेलं असतं.

म्हणून बाई त्यांना माझ्यावर बसवत. हात छातीशी, डोळे हवे तर मिटलेले. मग पाठीशी हात धरून म्हणत, "या मागे. मी आहे."

रोग्यांना उठवून बसवण्यात तयार झालेला हात होता तो. आणि त्या वेळी काय होई, ते मला अगदी आतून कळायचं. आधी सगळं वजन माझ्यावर असे, घट्ट. मग हळूच ते सुटे आणि बाईंच्या हातावर जाई. माझे पुढचे पाय हलके होत. वजन पेलणं हा आम्हा खुर्च्यांचा धर्मच. पण असं सुटून जाणारं वजन मला सगळ्यांत प्रिय होतं.

किती जण आले! बसचा कंडक्टर, शिवणकाम करणारी विधवा, नातीच्या मागोमाग आलेली एक आजी.

"बाई, माझ्या काही लक्षात राहत नाही," आजी म्हणाली. "नापास कराल मला."

"आजी, ही परीक्षा नाही. जे माहीत नाही त्याला 'माहीत नाही' म्हणायचं, झालं."

"मग मला सगळंच येतं," आजी म्हणाली.

बाईंचे यजमान कधी त्यांना न्यायला येत आणि दारातूनच टोमणा मारत, "घरी भिजवलेले कपडे तसेच पडलेत आणि ही इथे माणसं भिजवतेय." त्यांची मुलगी खिडकीत बसून अभ्यास करी. मधूनमधून विचारी, "आई, झालं का तुझ्या माणसांचं? भूक लागलीय." पुढे यजमान गेले, मुलगी नोकरीसाठी दूर गेली. बाईंचे केस पिकले. तयारी चालूच राहिली.

शेवटी शेवटी आले ते प्लंबरदादा. धिप्पाड, बोलके.

"मित्र चिडवतात, बाई. म्हणे, प्लंबर असून पाण्याला भितो."

"खरंच भिता?"

"पायपातलं पाणी माझं ऐकतं. उघड्या पाण्याचं काही सांगता येत नाही." मग आवाज उतरला. "लहानपणी नदीत धाकट्या भावाचा हात माझ्या हातात होता. सुटला."

बाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि स्वतःही घेतला.

प्लंबरदादा माझ्यावर बसले की दगड होत. पाठ वाके, पण वजन माझ्यावरून हलत नसे. बाईंच्या हातालाही ते कळायचं. आठवड्यामागून आठवडे गेले.

"पाळकसाहेब डोक्यावर थोडं पाणी ओततील," एकदा बाई म्हणाल्या. "तेही चालतं. देव पाणी मोजत नाही."

"खरं असेल तुमचं. पण माझा भाऊ जिथे गेला तिथे मला जायचंय, बाई. आणि वर यायचंय."

"मग या पुढच्या आठवड्यात. घाई नाही."

घाई बाईंनाच झाली. त्या आजारी पडल्या आणि बाप्तिस्म्याचा रविवार यायच्या आधीच गेल्या. प्रार्थना याच सभागृहात झाली. बंद दाराआडून मी गाणी ऐकली.

काही दिवसांनी मुलगी किल्ली घेऊन खोली आवरायला आली. तिने कप धुऊन पुसले, पडदा काढून त्याची घडी घातली, मला दाराशी सरकवलं. तेवढ्यात दारात प्लंबरदादा उभे, कामाच्या कपड्यांत, खांद्याला अवजारांची पिशवी.

"ताई, आज आमचा वार असतो."

"दादा, आई तर…"

"माहीत आहे. मी खांदा दिलाय. पण परवा रविवार, आणि मी अजून झुकलो नाही."

"मला शिकवता येत नाही हो. माझाच सध्या देवाशी अबोला आहे."

"शिकवायचं बाईंनी काही बाकी ठेवलं नाही. हात तेवढा द्या."

ते माझ्यावर बसले. मुलीने पाठीशी हात धरला. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

"मला पेलवलं नाही तर?" तिने विचारलं.

"तर दोघं पडू."

तिने आईचे शब्द उसने घेतले नाहीत. नुसती उभी राहिली. दुसरा हातही तिने पाठीशी लावला. बाईंच्या भक्कम हातावर जे जमलं नव्हतं, ते या नवख्या हातांवर कसं जमलं, मला सांगता येणार नाही. पण माझ्यावरचं वजन हललं, सुटलं आणि गेलं.

"ताई, तुम्ही रडताय की मी पडतोय?"

"मी रडतेय. तुम्ही नीट आहात."

"मग थोडं असंच राहू."

रविवारी खोलीचं कुंडाकडचं दार उघडं होतं. मुलगी पायऱ्यांवर टॉवेल घेऊन उभी होती, जिथे बाई उभ्या राहत. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, प्लंबरदादांनी खणखणीत उत्तरं दिली. मग त्यांनी हात छातीशी घेतले आणि ते मागे झुकले. पाणी त्यांच्यावर मिटलं. पाळकसाहेबांनी उचलायला जोर लावला, तरी दादा क्षणभर खालीच थांबले.

मग वर आले. तोंडावरून पाणी निथळत होतं. त्यांनी एक मोठा श्वास घेतला, मुलीकडे पाहिलं आणि साऱ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाळकसाहेब, तळाचं बूच झिजलंय. उद्या बदलून देतो."

सगळं सभागृह हसलं. मुलगीही हसली, टॉवेल तोंडाशी धरून. डोळे उघडे ठेवून खाली गेला होता तो माणूस.

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाने आपलं सगळ्यांत जड काहीतरी माझ्यादेखत दुसऱ्याच्या हाती सोपवलं. एवढं पाहायला कितीशा खुर्च्यांना मिळतं? तुमच्याकडे मागणं लहानसं आहे. कुणी तुमच्या हातावर वजन टाकू लागलं, तर त्याला घाई करू नका आणि हात मध्येच काढू नका. आणि माझे सांधे अलीकडे करकरतात. कुणीतरी सरस लावून ते पक्के करा. मुलीने अजून खोलीला कुलूप लावलेलं नाही, आणि बाहेर कुणीतरी पायपुसण्याला चपला घासत, आत यावं की नाही याचा विचार करत उभं आहे.