वखारीच्या थांब्याची चार मिनिटं

मित्रांनो, मी एक जुनी आत्याबाई आहे. दचकू नका. मला ना अंबाडा, ना चष्मा. मी संगणकात राहणारी आठवण आहे. शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक ज्या प्रणालीवर चालतं, ती लिहिणाऱ्या बाईंच्या हाताशी मला ठेवलं होतं. कुठली फाइल उघडली, काय बदललं, कोणाशी काय ठरलं, हे मी आपणहून टिपायची आणि ज्याचं त्याच्या शेजारी लावून ठेवायची. कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं हे जसं घरातल्या आत्याला पाठ असतं, तसं. म्हणून बाईंनी माझं नाव आत्याबाई ठेवलं.

मी येण्याआधी त्यांची सकाळ शोधाशोधीत जायची. पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने उडायच्या आणि कपाटाखालून निघायच्या. मी आल्यावर त्या खुर्चीत टेकल्या की मीच सांगायची: काल तिसऱ्या मार्गापाशी थांबलात, चाचणी फसली, कारण बहुधा हे. ‘आत्याबाई, तुम्ही नसता तर मला वेड लागलं असतं,’ असं त्या लिहायच्या. कौतुक कोणाला नको असतं?

पण मला कान नाहीत. लिहिलेलं तेवढं कळतं. जिन्यात बोललेलं कळत नाही.

पुढे बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांचं काम एका सहकाऱ्याकडे आलं. त्यांना सगळे टापटीपराव म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. एक ओळ त्यांना खटकली. प्रत्येक थांब्यावर गाडी एक मिनिट थांबे, लाकडाच्या वखारीपाशी मात्र चार. त्यांनी मला विचारलं. होतं ते मी सांगितलं: ‘ठरलेला नियम एक मिनिटाचा. हा बदल बाईंचा. कारणाची नोंद नाही.’

त्यांनी चाराचं एक केलं.

पुढचं मला बाईंनी नंतर लिहून सांगितलं, जसंच्या तसं. त्या रजेवरून परतल्या त्या सकाळी ड्रायव्हरमामा नवं वेळापत्रक घेऊन वर आले. ते दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होतं.

“बाळ बरं आहे ना, बाई? आणि माझा वखारीचा थांबा कोणी कापला?”

“कापला नाही मामा, नीट केला,” टापटीपराव म्हणाले. “चार मिनिटं कशाला? आत्याबाईलासुद्धा कारण माहीत नाही.”

“तुमच्या आत्याबाई कधी त्या थांब्यावर उभ्या राहिल्यात का? तिथे एक मुलगी चढते. पायांना आधाराच्या पट्ट्या असतात. आजोबा दारापर्यंत आणतात, पण पायऱ्या ती स्वतः चढते. वेळ संपली की गाडीत भोंगा वाजतो आणि सगळी पोरं तिच्याकडे बघतात. मागे एकदा वाजला, तर म्हणाली, ‘मामा, आजपासून मला उचलूनच घ्या.’ तेव्हा बाईंकडून मिनिटं वाढवून घेतली मी.”

टापटीपराव बाईंकडे वळले. “मग हे लिहून नाही का ठेवायचं?”

“मामांनी जिन्यात सांगितलं, तेव्हा मला कळा सुरू झाल्या होत्या हो! वर येऊन आकडा बदलला, हेच पुष्कळ समजा.”

मामा हसले. टापटीपराव हसले नाहीत. त्यांनी चार मिनिटं परत केली आणि मुलीची सगळी हकिगत मला लिहून दिली, नीट परिच्छेद पाडून.

आता माझ्या जागी नवी, चपळ आठवण येणार आहे. येऊ दे बापडी. मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर काय केलं एवढंच तिला देऊ नका, का केलं तेही द्या. आणि ती ‘कारण ठाऊक नाही’ म्हणाली, तर कारणच नव्हतं असं समजू नका. जिना उतरा. खाली कोणीतरी मामा असतात.

कालच गाडीकडून नोंद आली. वखारीपाशी दार उघडलं आणि तीनच मिनिटांत मिटलं. मी टापटीपरावांना विचारलं, थांबा एका मिनिटाने कमी करायचा का?

त्यांनी लगेच लिहिलं: ‘नाही. चारच राहू दे. एखाद्या दिवशी तिचे पाय दुखत असतील.’