झाकणाच्या आतल्या खुणा

वायरमनचं लिहिणं म्हणजे खिळ्याचे ओरखडे. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाच्या बुडाशी तारांच्या जोडाची पेटी असते, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो खूण करून ठेवायचा. एक रेघ म्हणजे पेटीत पाणी शिरतं, दोन म्हणजे जोड ढिला, फुली म्हणजे केबल कुजली. तेवीस वर्षांत आपल्या भागातल्या चारशे खांबांची दुखणी त्याने अशी नोंदवून ठेवली होती. त्या खुणा कळणारा दुसरा एकच माणूस होता, त्याचा मेव्हणा. त्याला खात्यात चिकटवला वायरमननेच, शिडीवर पाय ठेवायलाही त्यानेच शिकवलं. मेव्हणा चार बुकं जास्त शिकलेला, म्हणून पुढे सुपरवायझर झाला. दर शनिवारी वायरमन त्याला बिघाड तोंडी सांगायचा आणि मेव्हणा म्हणायचा, "लिहून पाठवतो वर."

यंदा शहराने जुने दिवे उतरवून कमी वीज खाणारे दिवे लावले. सहा महिन्यांत त्यातले तीनशे गेले. वरून चौकशी लागली, तसा मेव्हणा घरी आला.

"दाजी, एकदा मला सगळे खांब फिरून दाखवा. साहेबांना मुळापासून दुरुस्ती करायचीय."

वायरमन हरखून गेला. निवृत्तीला पाच महिने उरले होते. जाण्याआधी आपले खांब धडधाकट झालेले बघायला मिळणार होते. बारा दिवस दोघे उन्हातान्हात फिरले. वायरमन गुडघ्यावर बसून झाकण उघडायचा, मेव्हणा फोनवर फोटो काढायचा.

"दिव्याचा दोषच नाही रे. पेट्या हातभर वर घ्या. पाणी शिरायचं थांबलं की दिवेही टिकतील आणि वाया जाणारी वीजही वाचेल."

"दाजी, तुम्हाला इंजिनिअरच करायला हवं होतं."

"मग वर चढलं कोण असतं? तू? तुला तर खाली शिडी धरून उभं राहिलं तरी घेरी यायची!"

दोघेही पोट धरून हसले.

तेराव्या दिवशी मोठ्या साहेबांनी वायरमनला बोलावलं. टेबलावर झाकणांचे फोटो ओळीने मांडले होते.

"या खुणा तुमच्या?"

"होय साहेब, माझ्याच," वायरमन छाती फुगवून म्हणाला.

"म्हणजे बिघाड तुम्हाला वर्षानुवर्षं ठाऊक होते. तरी खात्याला एका ओळीनेही कळवलं नाहीत?"

वायरमनला आधी प्रश्नच उमगला नाही. मग तो म्हणाला, "कळवलं की साहेब. दर शनिवारी. याला विचारा ना."

मेव्हणा खिडकीपाशी उभा राहून फायलीची नाडी बांधत होता. गाठ नीट बसली होती, तरी त्याने ती सोडून पुन्हा मारली.

"मला ते कधी काही बोलले नाहीत, साहेब."

साहेबांनी निलंबनाचा कागद पुढे सरकवला, सहीची जागा बोटाने दाखवली. मेव्हण्याने मान वर केलीच नाही.

भर दुपारी वायरमन घरी आला. बायको पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आज लवकर कसे, असं तिने विचारलं नाही. पाणी आणून दिलं आणि पुन्हा घड्या घालायला बसली.

"उद्या तो येणार आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर ओरडू नका. माझा पाठचा भाऊ आहे तो."

वायरमनने पेला खाली ठेवला.

"अहो, त्याची मुलं अजून शिकतायत. तुमचे तर पाचच महिने उरले होते. कुणाच्या तरी गळ्यात पडणारच होतं ते."

"तुला त्याने कधी सांगितलं?"

तिने सदऱ्याची घडी मोडली, बाह्या सरळ केल्या, परत घातली.

"चार दिवस झाले."

त्या चारही दिवशी संध्याकाळी दारात चपला काढता काढता वायरमनने तिला आज किती खांब झाले ते सांगितलं होतं. आणि तिने विचारलं होतं, "अजून किती राहिले?"