रुख्माबाईचा काढा कुटणारा खल

मित्रांनो, चुलीमागच्या कोपऱ्यात मिठाच्या बरणीला टेकून जो काळा दगड बसलेला दिसतो, तो मी. मला खल म्हणतात. माझ्या पोटात जो आदळतो तो बत्ता, माझा जन्माचा सोबती. लोक आमचं नाव एकत्रच घेतात. पण घाव घालायचं काम त्याचं आणि सोसायचं माझं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आता माझा काठ एका बाजूने फुटला आहे आणि पोट घासून गुळगुळीत झालं आहे. मी तुम्हांला जी गोष्ट सांगणार आहे, ती माझी कमी आणि रुख्माबाईची जास्त आहे.

एका पाथरवटाने मला छिन्नीने कोरलं आणि सेलूच्या बाजारात मांडलं. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावची म्हातारी तिथे आली, तिने माझ्या पोटात बोटं फिरवून खडबडीतपणा पाहिला आणि मला बैलबंडीत घालून घरी आणलं. तेव्हापासून मी याच घरात आहे. मिरची, लसूण, जवसाची चटणी ही माझी रोजची कामं. पण माझा खरा मान होता तो बाळंतकाढ्याचा. गल्लीत कुठेही बाळ जन्मलं की बायका मला न्यायला येत. सुंठ, पिंपळी, मिरे, ओवा, बाळंतशेपा असा सगळा उष्ण ऐवज माझ्या पोटात पडे आणि त्याचा काढा बाळंतिणीला मिळे. पाचवीच्या पूजेला पाट्या-वरवंट्याच्या शेजारी मलाही हळदकुंकू लागे. त्या दिवशी मी दगड असूनही फुगून जात असे.

या घरची सून होऊन रुख्माबाई आली, ती मी पाहिली. दोन मुलं तिच्या पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला जयवंता झाली, आणि तिच्या वेळी माझ्यात जो काढा कुटला गेला, त्याचा वास मला अजून आठवतो. रुख्माबाईचं सगळं जग त्या एका लेकीत होतं. जयवंता मोठी झाली, लग्न होऊन आष्टीला गेली, आणि एकोणीसशे एकोणऐंशीच्या दिवाळीत तिला दिवस गेल्याचा, पाचवा महिना लागल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. रुख्माबाईने त्याच दिवशी मला घासून पुसून उन्हात ठेवलं.

पण त्याच सुमारास तिचं स्वतःचं अंग बदलायला लागलं होतं.

मुलांनो, मोठ्या बायकांना दर महिन्याला पाळी येते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास ती आपोआप थांबते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि घाबरण्यासारखंही नाही. पण थांबताना ती काही बायकांना फार छळते. रुख्माबाईला तिने फार छळलं. पौषातल्या थंडीत गावाचे दात वाजत होते, आणि ही बाई भाकरी थापता थापता एकदम लालबुंद होई. घामाने चोळी भिजे. ती चूल सोडून बाहेर पळे आणि ओला पदर डोक्यावर घेऊन ओट्यावर बसे. थोड्या वेळाने तीच कुडकुडत आत येई. झोप नव्हती. भाजीत मीठ दोनदा पडे नाहीतर पडतच नसे. कोणी साधं काही विचारलं तरी ती वसकन अंगावर जाई आणि मग कोपऱ्यात बसून रडे. तो कोपरा माझाच असल्यामुळे तिचं रडणं माझ्याइतकं कोणी ऐकलं नाही.

तिची सासू आनंदाबाई तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेल्या होत्या. कडक बाई. त्यांनी निदान केलं की सुनेचं अंगावरचं जाणं थांबलं म्हणजे रक्त आत साकळलं. साकळलेलं तूप पातळ करायला जशी ऊब लागते तशी या रक्तालाही ऊब पाहिजे. आणि बाईच्या अंगाचं दुखणं म्हटलं की आमच्या घराला एकच औषध ठाऊक होतं, बाळंतिणीचं. मग काय, डबे उघडले गेले. सुंठ, पिंपळी, मिरे, गाजराचं बी, जुना गूळ. आधीच जिच्या अंगाची भट्टी झाली होती, तिला सकाळ-संध्याकाळ हा कढत काढा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे तर बंबात पाण्याऐवजी रॉकेल भरलं होतं.

माझा जीव का तुटत होता ते सांगतो. हे सगळं मी आधी एकदा पाहिलं होतं. रुख्माबाई या घरात यायच्या आधी, आनंदाबाई जेमतेम चाळिशीच्या होत्या, तेव्हा त्यांनाही असाच घाम फुटे. तेव्हा त्यांच्या सासूने, मला बाजारातून आणणाऱ्या त्या म्हातारीने, हाच काढा याच पोटात कुटून त्यांना पाजला होता. त्या ओरडायला लागल्या तेव्हा त्यांना कडब्याच्या खोलीत कोंडलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बाहेर आल्यावर आनंदाबाईंनी त्या दिवसांबद्दल एक अक्षर उच्चारलं नाही. घरात ते ठाऊक असणारे आम्ही दोघंच उरलो होतो, त्या आणि मी. त्या बोलत नव्हत्या आणि मला तोंड असून वाचा नाही. प्रत्येक घावाला मी ओरडत होतो, पण खलाचं ओरडणं म्हणजे लोकांना फक्त ठणठण ऐकू येते.

काढ्याने रुख्माबाईचं तोंड आलं, पोटात आग पडली, घेरी यायला लागली. कापूस वेचायला गेली तर ओळीतच बसून राहिली. वेचणाऱ्या बायकांनी गावभर केलं की लक्ष्मणरावाच्या बायकोच्या अंगात येतं. लक्ष्मणराव म्हणजे तिचा नवरा, साधा माणूस. तो घाबरला. अमावास्येला देवऋष्याकडे न्यायचं त्याने मनाशी ठरवलं आणि ते बायकोला सांगायचं धाडस होईना म्हणून आईला सांगितलं. भिंतीपलीकडून रुख्माबाईने ते ऐकलं. त्या दिवसापासून ती स्वतःच काढा वाढवून मागायला लागली. तिला एकच भीती होती. ही बातमी आष्टीला पोचली तर जयवंताला पाठवणार नाहीत.

बातमी पोचलीच. संक्रांतीनंतर जयवंताची सासू सीताबाई सेलूला एका लग्नासाठी आली होती, ती वाट वाकडी करून घर पाहायला आली. रुख्माबाईने ठणठणीत दिसायचंच असं ठरवून त्या सकाळी दुप्पट काढा घेतला. नवं लुगडं नेसली, पुरणपोळी केली, हसून बोलली. मला वाटलं, निभावलं. विहिणीच्या ताटात तूप वाढताना मात्र तिचा हात थांबला. चेहरा पेटल्यासारखा झाला. तुपाची वाटी तिथेच टाकून ती अंगणात धावली, प्यायच्या पाण्याची घागर तिने उचलली आणि विहिणीच्या डोळ्यांदेखत, त्या गारठ्यात, नव्या लुगड्यासकट डोक्यावर ओतून घेतली. मग तशीच उभी राहिली. पाणी निथळत होतं आणि ती हात जोडत होती.

सीताबाईने हात धुतले. ती वाईट बाई नव्हती, पण भ्यालेली होती. जाताना दारात आपल्या व्याह्याला, लक्ष्मणरावाला, म्हणाली, "इवाई, पोरीचं बाळंतपण आमच्याचकडे होईल. राग मानू नका. लहान जीव अशा घरात कसा ठेवावा."

ती गेल्यावर रुख्माबाई रडली नाही. मला त्याचीच धास्ती वाटली. दुसऱ्या सकाळी आनंदाबाई मला पुढ्यात घेऊन कुटायला बसल्या, तेव्हा ती आली आणि समोर बसली. डोळे तांबडे, ओठ फुटलेले.

"आत्याबाई, आज जास्त कुटा. मी बरी झाली तं ते लोक पाठवतीन तिले."

बत्ता वरच थांबला. मी इतकी वर्षं आनंदाबाईंच्या हाताखाली आहे, तो असा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी सुनेच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि जे इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"रुख्मा, तुले होते तरी काय वं?"

रुख्माबाई म्हणाली, "पायातून वाफ निंगते आत्याबाई. वरवर चढते अन् डोक्यात जाते. छातीत धडधड होते. मंग घाम, मंग थंडी. रडू येते, कायचं येते ते मले समजत नाई. मी येडी झाली का?"

"येडी नाई झाली तू," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मलेही असंच होत होतं. मलेही हाच काढा पाजला, अन् कडब्याच्या खोलीत कोंडलं. त्याच्यातून मी मेली नाई, म्हणून मले वाटलं का काढाच लागू पडला."

त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. सत्तरीच्या बाईला मी जड जातो, पण त्यांनी उचललं, अंगणापलीकडच्या उकिरड्यापर्यंत नेलं आणि पालथं केलं. माझा काठ तेव्हाच फुटला. मला त्याचं दुःख नाही. मग त्या माझ्याशेजारी तिथेच खाली बसल्या आणि त्यांनी आपल्या मुलाला हाक मारून सांगितलं की अमावास्येला कोणीही कुठे जाणार नाही.

बाजाराच्या दिवशी आनंदाबाईंनी बायजाला घरी बोलावलं. बायजा गोंडाची, बोर नदीकडच्या जंगलातून मुळ्या आणून विकणारी. तिने शतावरीच्या मुळ्या दिल्या आणि खोटी आशा मात्र दिली नाही. म्हणाली, यानं सारं जाणार नाई, जरा हलकं होईल, बाकी वेळच नेईल. मला सात पाण्यांनी धुतलं तरी माझ्या अंगातून पिंपळीचा वास जाईना, तेव्हा राख आणि ताकाने घासलं. मग माझ्यात ती ओली मुळी ठेचली गेली. तिचं दूध-साखरेत केलेलं पेय, धण्याचं पाणी, माठातला वाळा. तोंडातले फोड गेले. पोटातली आग विझली. अंगातली वाफ मात्र येतच राहिली; फक्त ती आली की आनंदाबाई हातातलं काम टाकून सुपाने वारा घालायला बसत, आणि रुख्माबाई पळून जात नसे. तिला थोडी झोप लागायला लागली.

पण लेक यायची ती आली नाहीच. फाल्गुनात आष्टीला जयवंताला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, आणि त्यातच निरोप होता की विहीणबाईंची तब्येत बरी नसेल तर त्यांनी त्रास घेऊ नये. रुख्माबाईने बाळाचं अंगडं-टोपडं घडी करून पिशवीत ठेवलं आणि पुन्हा बाहेर काढलं. पुन्हा ठेवलं. माझ्याशेजारी बसून तिने ते इतक्या वेळा केलं की घडीवर चुलीची काजळी लागली. मित्रांनो, स्वतःच्या नातीच्या बारशाला जिला येऊ नका म्हणतात, त्या बाईने कुठे तोंड लपवावं? त्या दिवशी ती जगेल की नाही अशी शंका मला आली होती, ती मी लपवत नाही.

ती पिशवी आनंदाबाईंनी उचलली. गेली कित्येक वर्षं ज्या शेजारच्या गावालाही गेल्या नव्हत्या, त्या लक्ष्मणरावाचा हात धरून एसटीत चढल्या, वर्ध्याला गाडी बदलली आणि आष्टीला पोचल्या. तिथे काय झालं ते लक्ष्मणरावाने परतल्यावर चुलीपाशी बसून सांगितलं, म्हणून मला कळलं. पाळण्याभोवती जमलेल्या बायकांत आनंदाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आपलं सगळं सांगितलं. घाम, काढा, कडब्याची खोली, सगळं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, परक्या घरी, परक्या बायकांपुढे. शेवटी म्हणाल्या, "माही सून येडी नाई. तिचं वय झालं. तुमचंही होईल." सीताबाईने मान खाली घातली. आईला कोंडलं तेव्हा लक्ष्मणराव कळता होता, पण आई बाहेरगावी गेली असंच त्याला सांगितलं गेलं होतं.

सवा महिना झाल्यावर एका दुपारी दारात जयवंता उभी राहिली, छातीशी बाळ धरून. रुख्माबाईने नातीला घेतलं आणि तिच्या पोटात तोंड खुपसलं. जयवंताच्या मागून सीताबाई आत आली होती. सगळे बाळाभोवती गोळा झाले, तशी ती हळूच चुलीकडे आली. मी तिथे होतो, ओल्या मुळीने भरलेला. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. चैत्राचं ऊन आहे, असं मला आधी वाटलं. रुख्माबाई पाणी द्यायला आत आली, तेव्हा सीताबाई दाराकडे पाठ करून, अगदी हलक्या आवाजात बोलली.

"इहीनबाई, हे जे कुटून राह्यल्या तुमी, ते मलेही द्या थोडं. माहं दिवाळीपासून चालू हाये. म्या कोनाले सांगितलं नाई. तुमाले तसं पाहून मी मलेच भ्याली होती."

रुख्माबाईच्या तोंडाशी काय काय आलं असेल ते मी समजू शकतो. हुकलेलं बाळंतपण, हुकलेलं बारसं. पण तिने मुळीला हात लावला नाही. पाट सरकवला आणि म्हणाली, "बसा. आंधी सांगा, काय काय होते तुमाले."

मित्रांनो, तुमच्या घरात आई, काकू, आत्या कोणी थंडीत घाम पुसताना दिसली, उगाच चिडली, उगाच रडली, तर तिला हसू नका आणि डबेही लगेच उघडू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा. मग हवं तर डॉक्टरांकडे न्या, हवं तर मुळी आणा. मी डोळ्यांदेखत दोन बायकांना जळताना पाहिलं आणि मला एक प्रश्न विचारता आला नाही, कारण मी दगड आहे. तुम्ही दगड नाही.