हात पाठीमागे

अप्पच्चनना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत जिन्सीने सासऱ्यांना शर्टाचं एक बटणसुद्धा स्वतःचं स्वतः लावू दिलं नव्हतं. सकाळी ती दोन वाडगे घेऊन बसायची. एक तिच्या दोन वर्षांच्या मुलीचा, मरियक्कुट्टीचा, गुळाच्या पेजेचा. दुसरा अप्पच्चनचा, मिठाच्या पेजेचा. एक चमचा इकडे, एक तिकडे. एकदा घाईत चमचे बदलले. दोघांनीही तक्रार केली नाही. मरियक्कुट्टीला अजून धड बोलता येत नव्हतं आणि अप्पच्चननी बोलणं सोडलं होतं.

चाळीस वर्षं त्यांनी रबराच्या झाडांना चिरा दिल्या होत्या. सुरी सालीत नेमकी किती रुतवायची, हे त्या हाताला डोळे मिटून कळायचं. झटक्याने डावा हात आणि डावा पाय लुळे पडले. उजवा हात शाबूत होता, पण जिन्सीच्या राज्यात त्याला काही कामच उरलं नव्हतं.

पंचायतीकडून दर बुधवारी नर्स, अच्चाम्मा सिस्टर, यायच्या. पन्नाशी उलटलेल्या, खांद्याला पिशवी, हातात छत्री. त्या बुधवारी त्या नेमक्या पेजेच्या वेळी आल्या आणि खुर्ची ओढून बघत बसल्या.

"अच्चायाचा उजवा हात चालतो ना, मोळे?" त्यांनी सासऱ्यांकडे पाहत सुनेला विचारलं.

"चालतो की."

"मग चमचा तुझ्या हातात कसा?"

"सांडतात, सिस्टर."

"ही चिमुरडीही सांडते. तिला काय लग्नापर्यंत भरवणार आहेस?"

जिन्सीने उत्तराऐवजी वही पुढे केली. ती बी.एस्सी. झालेली होती, रक्तदाब, झोप, शौच, गोळ्या, सगळं तारीखवार लिहिलेलं. सिस्टरनी वही चाळली. "अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या आणि वही मिटून मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर तीन रकाने आखले.

"हे आमच्याकडून कॉलेजात घोकून घेतलं होतं. पहिल्या रकान्यात रोग्याला काहीच जमत नाही, सगळं आपण करायचं. दुसऱ्यात अर्धं त्याने, अर्धं आपण. तिसऱ्यात सगळं त्याने. आपण शिकवायचं, बघायचं आणि गप्प बसायचं. नर्सने माणसाला तिसऱ्यात पोचवून आपली छत्री उचलायची असते. अच्चाया कधीचा दुसऱ्यात आलाय. तू त्याला ओढून परत पहिल्यात बसवलंयस."

"मी काळजी घेते, सिस्टर."

"घेतेस ना. सगळीच्या सगळी घेतेस. त्याच्या वाटणीची थोडी ठेव की त्याला." मग त्या अप्पच्चनकडे वळल्या. "काय अच्चाया, तुला काय करायचंय ते सांग."

मग अप्पच्चन म्हणाले, "चहा."

जिन्सी ताडकन उठली.

"घरचा नाही," अप्पच्चन म्हणाले. शब्द थोडे घसरत होते, पण सगळे जागेवर होते. "मत्तायीच्या दुकानातला. माझ्या बाकावर बसून. मुंडू नेसून. माझा मी."

मुंडूची गोष्ट घरात नाजूक होती. एका हाताने कमरेला हे लुंगीसारखं कापड गुंडाळून खोचता येत नाही म्हणून सोजनने, जिन्सीच्या नवऱ्याने, शनिवारी कोचीहून येताना चिकटपट्टीचा मुंडू आणला होता. लावला की लागला. अप्पच्चननी तो एकदाच नेसला.

"सोडताना चर्रर्र आवाज येतो," ते आता सिस्टरना सांगत होते. "चर्चमध्ये गुडघे टेकताना चुकून सुटला तर पाद्रीही प्रार्थना विसरेल."

सिस्टर हसल्या. "मग जुनाच नेसायला शिक. आणि मोळे, औषध तुलाही देते. तो नेसत असेल तेव्हा तुझे हात पाठीमागे. एकात एक गुंतवून. सुटले तर मला कळेल."

"कसं कळेल?"

"मुंडू नीट नेसलेला दिसेल."

पुढचे दोन आठवडे जिन्सीला फार लांबले. अप्पच्चन दाराच्या चौकटीशी उभे राहायचे. कापड घसरायचं. पुन्हा घ्यायचे, पुन्हा घसरायचं. आतल्या चड्डीवर उभा सासरा आणि हात मागे बांधून उभी सून. शेजारच्या कोणी पाहिलं असतं तर कसली शिक्षा चाललीय असं वाटलं असतं. तिचे हात शिवशिवायचे. एक टोक धरलं असतं तर निमिषात झालं असतं.

"श्वास घे, मोळे," अप्पच्चन म्हणायचे. "कापड माझं घसरतंय."

नवव्या दिवशी त्यांनी चौकटीला कंबर टेकवली. झाडाला खांदा लावून चिकाची वाटी बसवायची जुनी सवय असावी. डावं टोक कमर आणि लाकूड यांच्यात दाबून धरलं, उजव्या हाताने दुसरं टोक फिरवून आणलं, खोचलं. थोडा तिरका झाला, पण राहिला. मग गुडघ्यापर्यंत उचलून दुमडायचंही तसंच जमवलं.

ते दुमडणं महत्त्वाचं होतं. डावा पाय फरफटायचा, आणि मुंडू घोट्यापर्यंत सोडलेला असला तर पाय त्यात अडकणार हे नक्की. सिस्टरनी बजावलं होतं आणि जिन्सीने रोज तीनदा वदवून घेतलं होतं: रस्त्यावर मुंडू वर.

ज्या सकाळी ते काठी घेऊन निघाले, तिने फाटकापर्यंत सोबत केली. दुकान तिथून दिसायचं. रबराच्या झाडांमधून सरळ जाणारी वाट, शेवटी मत्तायीचा पत्रा. कडेवर मरियक्कुट्टी नको, तिने ठरवलं. कडेवर मूल असलं तर हात कसे बांधणार? तिला पायरीवर बसवलं.

अप्पच्चन अर्ध्यावर पोचले असतील, आणि समोरून जुने मास्तर, कुर्यन सार, आले.

कुर्यन सारनी या गावच्या तीन पिढ्यांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती. त्यांच्यासमोर दुमडलेल्या मुंडूने उभं राहायचं म्हणजे तोंडात विडी धरून उभं राहण्यासारखं. आणि तिने पाहिलं: अप्पच्चननी काठी कोपराला अडकवली, हात कमरेला नेला आणि मुंडू सर्रकन घोट्यापर्यंत सोडला.

बोलणं झालं. सार पुढे निघून वळणाआड गेले. अप्पच्चन वाटेच्या मध्यावर, पायांभोवती लोंबता मुंडू, डावा पाय कापडाच्या आत.

तिचं एक पाऊल फाटकाबाहेर पडलंसुद्धा. पन्नास पावलं; धावत गेली असती तर क्षणात पोचली असती. मुंडू उचलून खोचून, चला अप्पच्चन म्हणून दंड धरून दुकानात नेलं असतं. आणि मग बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं असतं. ते परत कधी तिकडे गेले नसते, हे तिला वहीत न लिहिताही ठाऊक होतं.

तिने हात मागे नेले. बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली.

अप्पच्चन काठी टेकत, एकेक वीत सरकत वाटेच्या कडेच्या झाडाशी गेले. काठी खोडाला उभी केली. कंबर टेकवली. कापड उचललं, निसटलं. पुन्हा उचललं. झाडाच्या चिरेखाली बांधलेली वाटी हलली, चीक त्यांच्या शर्टावर सांडला असावा. तिसऱ्यांदा मुंडू गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला. त्यांनी काठी घेतली. मागे वळून पाहिलं नाही.

मत्तायीच्या पत्र्याखाली कोणीतरी उठून जागा दिली, एवढं तिला दिसलं. मग दिसेना, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मागे पायरीवर मरियक्कुट्टीही हात पाठीमागे बांधून उभी होती, अगदी गंभीर चेहऱ्याने.

तासाभराने अप्पच्चन परतले. शर्टावर चीक आणि चहा, दोन्ही. खुर्चीत बसून बराच वेळ दम खाल्ला.

"सार काय म्हणाले?" तिने विचारलं.

"त्यांना मोतीबिंदू. मुंडू वर की खाली, काही दिसत नाही त्यांना. पण कापडाची सळसळ ऐकली. माझं नाव घेऊन म्हणाले, कोण, इट्टियविरा का? गाढवा, मुंडू वर घे, पाय अडकेल."

जिन्सी हसत सुटली. मग हसू आवरून म्हणाली, "म्हणजे उद्या समोर आले तरी सोडायचा नाही."

"सोडायचा नाही कसा? सार आहेत ते."

अप्पच्चननी तिच्या बोटांकडे पाहिलं, तिथे अंगठीचे लाल वळ उठले होते.

"झाडं आहेत की वाटेवर," ते म्हणाले. "तू त्या हातांना तेल लाव. रोज पाठीमागे बांधावे लागतील."