शकुनबाईने निवडलेली मोटर

आधी यादोरावाच्या वागण्याबद्दल बोलू द्या, माझं मग सांगते. रात्रपाळीहून आला, बूट काढले, की त्याचा हात थेट माझ्या बटणावर जायचा. खट्! आत माशांनी काय करावं? तोंडं वर काढून हवा शोधत बसावं. आणि हा मात्र लगेच घोरायला लागायचा. त्याच्या घोरण्याला बटण नाही, म्हणून ते सगळ्यांनी ऐकून घ्यायचं!

मित्रांनो, मी माशांच्या काचपेटीतली एक जुनी मोटर आहे. आकाराने मुठीएवढी, मानाने मोठी. पाणी ओढायचं, स्पंजातून गाळायचं आणि वरून धारेने सोडायचं, हे माझं काम. त्या धारेने पाण्यात हवा मिसळते आणि मासे जगतात. पाठीला रबरी वाट्या आहेत, त्यांनी मी काचेला चिकटलेली. जन्म पाण्यात, पण पोहायचं नाही. समोर अख्खी खोली दिसते, पण तिथे जायचं नाही.

समोरच्या खाटेवर यादोरावाची माय, शकुनबाई. तिचंही तसंच. खुबा मोडला म्हणून दिघोरीहून तिला भंडाऱ्याला लेकाकडे आणलं. जिने उभ्या पावसात धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांना दमात घेतलं, ती आता वॉकर धरून दारापर्यंत जाते आणि परत येते. "मले कोंडवाड्यात टाकलं," म्हणते. तिचं मन रमावं म्हणून लेकाने काचपेटी आणली. तेवढं त्याचं चांगलं, नाही कशाला म्हणू?

मला मात्र तिनेच निवडलं. हट्टाने ऑटोत बसून दुकानात आली. दुकानदार भैय्याजींनी बादलीत तीन मोटरी सोडल्या.

"माताजी, हे घ्या. आवाजच नाही, एकदम..."

"तू चूप राह्य ना बापा. तूच बोलून राहिला त तिचं कसं आयकू येईन?"

यादोरावाची नजर सगळ्यांत मोठीवर. "माय, मोठीच घेऊन टाकू. झंझटच नाही."

"एवढ्याशा काचेले? मासे पोसाचे हायेत का धुवाचे हायेत?"

स्वस्तातली खडखडत होती, मोठी पाणी उसळवत होती. शकुनबाईने बांगड्या मागे सारल्या, बादलीत हात घातला आणि सुईणीने ठेवावा तसा माझ्या पाठीवर ठेवला. "हेच घेऊ. परवडते बी, अन् थरथरत बी नाही." काय सांगू, मी पाण्यातल्या पाण्यात फुगले!

पण घरी आले आणि माझंच मला कळेना. दिवस थंडीचे. कूलर माळ्यावर गेलेला, त्याचं लोखंडी स्टँड रिकामं. आपल्याकडे रिकामी जागा कोणी रिकामी ठेवतं का? काचपेटी त्याच्यावर चढली. मी सुरू झाले की खोलीभर घूं घूं घूं.

"मोटर हाये का धानगिरणी?" यादोराव खेकसला. रात्री राबणाऱ्याला झोप दिवसाचीच, हे मी मानते. पण म्हणून रोज बटण बंद? एके दुपारी एक सोनेरी मासा उलटा तरंगला. शकुनबाईने त्या दिवशी भाताचं ताट बाजूला सारलं.

"आता हे सारं कारध्याच्या पुलाखाली नदीत नेऊन सोडतो, माय. मले झोप पाहिजे."

"सोड. अन् मलेही तिथंच सोड. इथं माह्याशी बोलते कोण?"

तो वरमला. शेवटचा उपाय म्हणून ती मोठी मोटर आणली. "हेही घरघरलं त मंग मात्र काचपेटी जाईन पुलाखाली," म्हणाला. मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. झाकण लागलं. काचेतून निदान खोली दिसायची, इथे नुसता गंजाचा वास. रबरी वाट्या सुकून ताठ झाल्या. बाहेर मात्र घूं घूं चालूच! नवीचंही तेच, उलट जरा जास्तच. मला हसू आलं, पण डब्यात हसून सांगणार कोणाला? आणि मग ध्यानात आलं. काचपेटी गेली तर शकुनबाई भिंतीकडे बघत बसणार.

होळी झाली, ऊन तापलं. पुढचं मी डब्यातून पाहिलं नाही, शकुनबाईने नंतर माशांना सांगितलं तेव्हा ऐकलं. कूलर खाली आला आणि त्याचं स्टँड मागू लागला. यादोराव काचपेटी पुलाकडे न्यायलाच निघाला होता, पण शकुनबाई अडून बसली. "एक दिवस त्या भिंतीजवळच्या दगडी ओट्यावर ठेव. तळाले धानाचं पोतं घडी करून टाक, नाही त काच तडकन."

ठेवली. बटण दाबलं. आवाजच नाही.

"बंद पडली का?" यादोरावाने कान लावला. धार तर धो धो पडत होती, इतकी की मासे कोपऱ्यात दाबले गेले होते. तिकडे कूलर सुरू झाला आणि ते स्टँड घूं घूं करू लागलं.

शकुनबाईने स्टँडकडे पाहिलं, मग डब्याकडे. "काढ तिले."

माझा स्पंज काचेतल्याच पाण्यात पिळला, पंख्यातला गाळ काढला, वाट्या भिजवल्या. मी पुन्हा काचेला चिकटले. तीच कैद, पण मित्रांनो, कामाची कैद आणि डब्यातली कैद यात फरक आहे. कोणी घरघरलं तर त्याला डब्यात टाकण्याआधी त्याला उभं कशावर केलंय, ते एकदा पाहत जा.

यादोराव सवयीने माझ्या बटणाकडे वळला. शकुनबाईचा हात खाटेशेजारच्या कूलरच्या बटणावर होता.

"यादो," ती म्हणाली, "थरथरत होतं तुह्यं स्टँड, अन् बोल खाल्ले तिनं. आता तिले बंद करशीन, त भर उन्हाळ्यात कूलर मी बंद करीन. जाय, झोप."